खलाशाच्या मेंदूची मोजमापं घेऊन जहाज सुरक्षित होईल का?

बारा_ते_चार: मी सेकंड ऑफिसर. पहाटे तीनला रडारसमोर डोळे सताड उघडे असतात, पण समोरच्या बोटीचा दिवा दोनदा दिसूनही डोक्यात शिरत नाही. कुणी विचारलं तर मी "थकलो नाही" म्हणेन, आणि तेव्हा ते मला खरंच वाटत असतं. म्हणून ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरी, हृदयाचे ठोके, नजरेची हालचाल मोजणारा अभ्यास मला हवा आहे. २०१२ साली संपलेल्या युरोपातल्या 'प्रोजेक्ट होरायझन'मध्ये ९० अधिकाऱ्यांना सिम्युलेटरवर वॉच, म्हणजे कामाची पाळी, करायला लावली होती. सहा तास काम, सहा तास विश्रांती या पाळीत झोप जास्त अनावर होते, काहींना तर वॉचवरच डुलकी लागली, हे त्यातून दिसलं.

इंजिनरूमवाला: तळमळ पटते, उपाय नाही. १९८९ ला एक्सॉन व्हाल्डिझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, २०१० ला ग्रेट बॅरियर रीफवर शेन नेंग १ हे मालवाहू जहाज. दोन्ही चौकशांत अधिकाऱ्याचा थकवा पुढे आला. रोग कधीच कळलाय! २४ तासांत किमान १० तास विश्रांतीचा नियम आहे, पण बंदरात माल चढत असताना ती फक्त विश्रांतीच्या तासांच्या शीटवर भरली जाते. माणसं वाढवा. शिवाय इंजिनरूमच्या उकाड्यातून शिड्या चढून वर आलो की ठोके धडधडतात. त्याला तुमचं यंत्र ताण म्हणणार की उकाडा?

बारा_ते_चार: नुसत्या ठोक्यांवरून काही ठरत नाही, मान्य. म्हणून तर मेंदू आणि नजर सोबत मोजतात. पण शीट खोटी, हे तुम्हीच म्हणता. मग माणसं वाढवा हे मालकाला कशाच्या जोरावर सांगायचं? जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर अलार्म आहेच, जागे आहोत हे दाखवायला दर काही मिनिटांनी बटण दाबायचं. पेंगतानाही हात सवयीने बटणाकडे जातो, साहेब.

जुना_बोसन: मागच्या जहाजावर आम्हाला मनगटी पट्टे दिले होते. आकडे थेट ऑफिसला जातात कळलं, आणि पंधरा दिवसांत निम्मे पट्टे ड्रॉवरमध्ये गेले. "झोप कमी" असा शेरा पडला तर पुढच्या कॉन्ट्रॅक्टला फोन येईल का? ऑफिसर तरी तग धरतील, एबी-ओएस या साध्या खलाशांनी काय करायचं?

बारा_ते_चार: आकडे नावाशिवाय, फक्त संशोधकांकडे राहावेत. त्यांतून पाळी बदलावी, माणूस नव्हे. ही अट नसेल तर मीही विरोधात आहे.

इंजिनरूमवाला: ती अट करारात लेखी येऊ द्या. तोवर डोक्याला तार लावून घेणार नाही.