अनुभव धागा: घाटातली हाफ मॅरेथॉन, चढ, उतार आणि आपले गुडघे

मंदगती
आत्ता ग्रुपवर कुणीतरी यवतेश्वरच्या घाटाचा धुक्यातला फोटो टाकला आणि मांड्या आपोआप दुखायला लागल्या. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) २०१२ पासून होते आहे. दरवर्षी नवी मंडळी नाव घालतात आणि दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून हा धागा. सातारा, मुंबई, तुमच्या गावची १० किमी, काहीही चालेल. फक्त 'जिद्द हवी', 'मन खंबीर हवं' असलं नको, ते टी-शर्टावर छापलेलं असतंच. काय, किती, कधी, ते लिहा.

सुरुवात चढापासून. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे येतानाच रस्ता चढा आहे, पण ढोल-ताशात ते कळत नाही. तिथे सपाटीच्या पेसने (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ) गेलात तर समर्थ मंदिराच्या पुढे खरा घाट लागेपर्यंत दम संपलेला असतो. चढावर घड्याळातला पेस बघूच नका, श्वास बघा. चार-पाच शब्दांचं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर अडायला लागलं की सरळ चाला. हात जोरात हलवत, छोटी पावलं टाकत ३० सेकंद चालायचं आणि ९० सेकंद धावायचं. फरफटत धावणाऱ्यापेक्षा असा माणूस वर लवकर पोहोचतो.

आकडे हवे असतील तर: सपाट रस्त्यावर २ तास १० मिनिटं लागत असतील, म्हणजे किलोमीटरला साधारण ६:१०, तर वर जाताना ७:०० ते ७:१५ धरा आणि येताना ५:५० ते ६:००. एकूण २:१८ च्या आसपास येईल. घाटात सपाटीचं टायमिंग मारायचा हट्ट नको.

पोवईनाका
आदल्या दिवशी दुपारपर्यंत साताऱ्यात या. बिब (छातीवर लावायचा नंबरचा कागद) घ्या, जेवा, झोपा. कंदी पेढे रेस झाल्यावर.

चिऊताई
पेढे आधी का नको? साखरच की.

पोवईनाका
ताई, खवा. सकाळी घाटात तो आपलं अस्तित्व दाखवून देतो.

तळपाय
चढाचं सगळेच लिहितात. सातारा खरा जिरवतो उतारावर. जरा सविस्तर लिहिते, ओपीडीच्या मधल्या वेळेत टंकते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. अशा कामात स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. त्या दिवशी काही वाटत नाही, दुखणं २४ ते ७२ तासांत टिपेला जातं. म्हणून रविवारी पळालेला माणूस मंगळवारी कठड्याला धरून जिना उतरतो.

चांगली गोष्ट अशी की एकदा उतारावर व्यवस्थित पळालं की तो स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला कमी कुरकुरतो. ही सवय मुद्दाम लावायची असते. रेसच्या आधी सहा आठवडे असताना पहिला उताराचा सराव करा: ४०० ते ५०० मीटरचा मध्यम उतार, ४ वेळा, वर चालत जायचं. दहा दिवसांनी ६ वेळा. मग एकदा ३ ते ४ किमी सलग उतार. शेवटचा जोरदार सराव रेसच्या किमान १२ ते १४ दिवस आधी. त्याच्या पुढे उतारावर शहाणपणा नको, इजा भरून यायला वेळ मिळत नाही.

घरी: १५-२० सेंटीमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहायचं. दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवायची, तीन सेकंद घेऊन. प्रत्येक पायाने १० वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत पडता कामा नये, आरशासमोर करा. आत पडत असेल तर कमरेच्या बाजूचे स्नायू कच्चे आहेत, आधी ते करा.

उतरताना शरीर मागे झुकवून टाचा आपटत येणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. पावलं छोटी आणि भराभर, मिनिटाला १७५-१८० च्या आसपास, नजर १०-१५ मीटर पुढे, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे. घाटातल्या वळणावर आतल्या कडेला उतार जास्त तीव्र असतो, तिथे बाहेरून या. दोन मीटर जास्त पडले तर पडू देत.

चिऊताई
सोमवारी ऑफिसात जिना उलटा उतरणारे दोन जण दिसले की समजायचं, काल सातारा होता :)

संत्रानगरी
सगळं पटलं, पण मी नागपुरात घाट कुठून आणू?

मंदगती
सेमिनरी हिल्स आहे की!

संत्रानगरी
ती चढून होते तोवर संपते हो.

गोदाकाठ
उड्डाणपूल. पहाटे पाचला, फुटपाथ किंवा रुंद कडा असलेलाच, गाड्या समोरून येतील अशा बाजूने, अंगावर चमकणारी पट्टी. चढताना जोरात, उतरताना आराम, ८ वेळा. ट्रेडमिलवर ५-६ टक्के चढ लावून ३ मिनिटं जोरात, २ मिनिटं हळू, ६ वेळा. फुप्फुसांना घाट कळतो. उताराची सोय बहुतेक ट्रेडमिलला नसते, त्यामुळे तळपाय यांनी सांगितलेला पायरीचा व्यायाम दुप्पट करा.

पुण्यातल्यांना काय, बोपदेव, सिंहगड रस्ता, वेताळ टेकडी. मुंबईत नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरीपर्यंतचा रस्ता, ठाण्यात येऊर. कोल्हापूरकरांना जोतिबा. नाशकात आम्ही शोधतोच आहोत.

मिशिगनकाठ
शिकागोहून. इथे तर पोळपाट आहे. मंडळी गगनचुंबी पार्किंगच्या गोल रॅम्पवर धावतात, रविवारी पहाटे रिकामे असतात. गाडी आली तर हेडलाइट दिसायच्या आधी आवाज येतो, म्हणून कानात काही घालायचं नाही.

अवांतर: इकडच्या मॅरेथॉनमध्ये वैद्यकीय तंबूपाशी स्वयंसेवक काडीवर व्हॅसलीन धरून उभे असतात. ते घासल्या जागी लावायला. एनर्जी जेल (धावताना खायची घट्ट, गोड पेस्ट) समजून तोंडात घालणारे दरवर्षी निघतात म्हणे.

खडीसाखर
😀😀 चवीला सारखंच असेल

मीठभाकर
पाण्यावर लिहायचं राहिलंय. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला अर्धवट आहे. चार-पाच तास रस्त्यावर असणारे हळू धावपटू पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर ग्लासभर साधं पाणी पितात, रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. खुणा: मळमळ, डोकं जड, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, पोटात पाणी डुचमळणं. हे डिहायड्रेशन समजून आणखी पाणी पाजलं तर माणूस जिवाला मुकू शकतो. असं कुणी दिसलं तर पाणी थांबवा आणि डॉक्टरकडे न्या.

स्वतःचा घाम मोजा. रोजच्या वेळेला एक तास धावा, आधी आणि नंतर कोरड्या अंगाने, कपड्यांशिवाय वजन करा. ८०० ग्रॅम कमी झालं आणि मध्ये २०० मिली प्यायला असाल तर तासाला साधारण एक लिटर घाम. त्याच्या निम्मं ते पाऊण भरून काढलं तरी पुरे, पूर्ण भरायच्या मागे लागू नका. साताऱ्यात ढग, गारवा, पाऊस असेल तर आणखी कमी. मुंबईत जानेवारी असली तरी दमट, तिथे हिशोब वेगळा.

ओआरएस म्हणजे २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अंदाजाने टाकायची नाही. पुडी नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे म्हणजे चहाचे, पोहे खायचे नव्हेत. टेट्रापॅकमधली रंगीत गोड पेयं वेगळी, लेबल वाचा.

आणि रेसच्या सकाळी 'दुखू नये म्हणून' आयबुप्रोफेन वगैरे घेऊन उभं राहणं बंद करा. घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो आणि दुखण्याची सूचनाही झाकली जाते.

खडीसाखर
जेल पचत नाही त्यांनी काय खायचं? लाँग रनला (सरावातल्या लांब धावेला) राजगिऱ्याचा लाडू घेतला तर पावडर होते खिशात, आणि मग ती घशात.

मीठभाकर
दीड तासाच्या वर धावणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम, बहुतेक जेलमध्ये २० ते २५. बी काढलेला खजूर चालतो, आधी घरी मोजून ठेवा. गुळाची चिक्की चालते, पण शेंगदाण्याची नको, चावायला वेळ आणि पचायला आणखी वेळ. जे काय खाणार ते ४० व्या मिनिटाला सुरू. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. सगळं आधी निदान तीन लाँग रनला करून बघा, रेसच्या दिवशी नवीन काही नाही.

चिऊताई
आदल्या रात्री मऊ भात-वरण-तूप. मिसळ नको, साताऱ्यात असलात तरी. पुढचं लिहायला लावू नका.

गोदाकाठ
मिसळ प्रकरण पूर्ण ऐकायला आवडेल :)

चिऊताई
घाटात झुडपं कमी आहेत एवढंच सांगते.

सैलनाडी
बूट. अंगठ्याच्या पुढे एक बोट जागा हवी, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, धावायचे मोजे घालून मापा. उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं आतून आपटून काळी पडतात, त्यामुळे मोठा नंबर घेऊन भागत नाही, पाय मागे धरून ठेवावा लागतो. बुटाच्या वरच्या टोकाला जे एक जादा भोक असतं आणि ज्याचं काय करायचं ते कुणाला माहीत नसतं, ते याचसाठी. नाडी त्याच बाजूच्या शेवटच्या दोन भोकांतून घेऊन एक छोटा फास करायचा, दोन्ही बाजूंना. मग उजवी नाडी डाव्या फासातून, डावी उजव्यातून, खाली ओढायचं, वर नाही, आणि गाठ. टाच बसते. पायाच्या बोटांकडची नाडी मात्र सैलच ठेवा. नखं रेसच्या तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा, आदल्या रात्री नाही.

पावसात भिजलेले बूट: आतला तळ बाहेर काढा, जुनं वर्तमानपत्र चुरगाळून कोंबा, दोन तासांनी कागद बदला, पंख्याखाली. हीटर, ड्रायर, गॅसजवळ नको, डिंक सुटतो आणि फोम कडक होतो.

पोवईनाका
वर्तमानपत्र कुठून आणायचं आता, सगळे मोबाइलवर वाचतात.

सैलनाडी
शेजारच्या आजोबांकडून. पुरवण्या जाडजूड असतात.

घड्याळवेडा
माझ्या घड्याळात दर रेसला २१.४ येतं. आयोजक जास्त पळवतात का?

मंदगती
नाही. प्रमाणित मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंमी. वर कमी पडू नये म्हणून ०.१ टक्का जादा धरतात, पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर. आपण गर्दीत नागमोडी जातो, पाणी घ्यायला रस्ता ओलांडतो, शिवाय घाटात वळणांवर जीपीएस कोपरे खातो किंवा वाढवतो. लक्ष्य २:१५ असेल तर घड्याळावर २१.३ गृहीत धरूनच पेस काढा, म्हणजे किलोमीटरला ६:२०, ६:२४ नव्हे. आणि ऑटो-लॅप (घड्याळाने दर किलोमीटरला आपोआप वेळ नोंदवणं) बंद करून रस्त्यावरच्या पाटीपाशी बटण दाबा.

मिशिगनकाठ
शिकागोत उंच इमारतींमुळे घड्याळं पहिल्याच किलोमीटरात वेडी होतात. माणूस उभा असतो आणि पेस दिसतो ३:१०.

घड्याळवेडा
तेवढाच स्क्रीनशॉट काढून ठेवायचा.

रानफूल
बायकांसाठी, कारण कुणी लिहीत नाही. नवीन स्पोर्ट्स ब्रा रेसला नको, खालच्या पट्टीची शिवण सोलून काढते. धुऊन, दोन लाँग रन झालेली घाला, पट्टीखाली आणि काखेत व्हॅसलीनचा जाड थर. मांड्या घासत असतील तर सैल शॉर्ट्सपेक्षा गुडघ्याच्या वरपर्यंतच्या घट्ट टाइट्स. सोललेलं रेसमध्ये कळत नाही, गरम पाण्याचा पहिला तांब्या पडला की कळतं. पुरुषांनो, छातीला मायक्रोपोर टेपच्या दोन पट्ट्या, नाहीतर पांढऱ्या टी-शर्टावर रक्ताच्या डागांसकट फोटो येतो तो येतो.

कुत्री मागे लागली तर धावू नका. थांबा, त्यांच्याकडे तोंड करा, डोळ्यांत रोखून न बघता हळू मागे सरका. बाटली मध्ये धरा.

संत्रानगरी
साताऱ्यानंतर जानेवारीत मुंबई फुल (पूर्ण मॅरेथॉन) करायची आहे. २:१० हाफवरून फुलचं किती धरू?

गोदाकाठ
हाफची वेळ गुणिले २.०८५. रीगलचं सूत्र आहे, अंतराच्या पटीचा १.०६ वा घात. २:१० चे ४:३१ होतात. पण सूत्र धरून चालतं की तुमचा सराव फुलचा झालाय. आठवड्याला ३५ किमीवर फुल पळणार असाल तर वर २० मिनिटं टाका. सपाटीचीच वेळ घ्या, साताऱ्याची नको. मुंबईत पेडर रोडचा चढ फुलवाल्यांना शेवटच्या टप्प्यात येतो. चढ तसा किरकोळ, पण ३५ किमी झालेल्या पायांना तो यवतेश्वर वाटतो. सी लिंकवर वारा असेल तर कुणाच्या तरी पाठीमागे राहा, तिथे सेल्फीवाले अचानक थांबतात तेही बघा.

तळपाय
आणि साताऱ्यानंतर दोन आठवडे हळूच, बरं का संत्रानगरी. नडगी दुखायला लागली तर बोटाने दाबून बघा. वीतभर पसरून दुखतं ते बहुतेक वेळा भार कमी केला की जातं. एकाच बोटाएवढ्या जागी टोचून दुखतंय, एका पायावर उडी मारवत नाही, रात्रीही ठणकतंय, तर धावणं बंद करून डॉक्टरला दाखवा. सुरुवातीच्या दिवसांत हाडाची बारीक चीर साध्या एक्स-रेत दिसतेच असं नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल' म्हणून दुसऱ्या दिवशी सुटू नका.

खडीसाखर
कुकर झाला, पळते. बिबला दोन पिना पुरतात ना?

मंदगती
चार, चारही कोपऱ्यांना. मागची वेळ नोंदवणाऱ्या चिपची पट्टी दुमडायची नाही आणि बिब पुढेच लावायचा. पाठीवर किंवा जॅकेटच्या आत लावला तर रस्त्यावरच्या टायमिंग मॅटवर नोंद चुकते आणि मग 'माझं टायमिंगच आलं नाही' म्हणून ईमेल सुरू होतात.

पोवईनाका
पाऊस आहे म्हणतात या वेळी. पिना गंजक्या देतात, घरच्या आणा.