अकाउंट गेलं ते गेलं, गिऱ्हाइकांचे पत्ते कसे काढू?

मातीवाली_खानापूर

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या एका खेड्यातली. आमचं घर कुंभारकामाचं. सासरे आणि नवरा चाकावर, सासूबाई पणत्यांना, रंग आणि पॅकिंग माझ्याकडं. चार वर्षं झाली, फोटो-व्हिडिओच्या एका ॲपवर आमचं पेज आहे. म्हणजे होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, अगोदरच तोंड पोळलंय.

मंगळवारी सकाळी आवा, म्हणजे भाजायची भट्टी, उघडायचा होता. राखेतनं पहिली पणती बाहेर काढतो तो व्हिडिओ लोकांना लई आवडतो, म्हणून फोन घेऊन तिथंच बसले. ॲप उघडलं तर ‘तुमचं अकाउंट आमच्या नियमांत बसत नाही, म्हणून बंद केलं आहे’. बास. कुठला नियम, कुठला फोटो, काही नाही. आदल्या रात्री साडेदहापर्यंत मी त्याच्यावरच एका बाईंना माशाच्या कालवणाच्या मडक्याचा भाव सांगत होते. खाली अपिलाचं बटण आणि १८० दिवसांची मुदत. दिवाळीला राहिलेत बावीस दिवस.

अपील केलं. मान इकडं तिकडं वळवून चेहऱ्याचा व्हिडिओ दिला. मग ओळखपत्र मागितलं, आणि तिथं आमची नेहमीची गंमत. आधारावर एका बाजूला कन्नड, एका बाजूला इंग्रजी. कन्नडात आमचं आडनाव ‘कुंबार’ लिहितात, तेच इंग्रजीत उतरलंय, मधला एच गायब. अकाउंटवर मी आपलं मराठीसारखं ‘कुंभार’ लिहिलेलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, नाव जुळत नाही. रेशनला, बँकेत, पोरीच्या शाळेत हेच भोगलंय. आता हे परदेशातलं मशीन पण तेच म्हणतंय.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. २३ जणांनी पैसे भरलेत, सगळे मिळून १४,३५० रुपये. माल तयार आहे, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून खोकी भरलीत. पत्ते मात्र सगळे त्या ॲपच्या मेसेजमध्ये! गोवा, पुणे, बेंगळूर, कुणाला कुठं पाठवू? त्या लोकांच्या बाजूनं बघा, पैसे घेतले आणि पेज गायब. मी चोर ठरले की. सासूबाई रोज एकदा तरी म्हणतात, वहीत लिही म्हटलेलं. बरोबर आहे त्यांचं, पण आता ऐकवत नाही.

पेज परत आलं तर बरंच, पण आधी पत्ते कसे काढायचे ते सांगा कुणीतरी.

येळ्ळूरचा_मामा

रडत काय बसूलीस पोरी, शनिवारी बेळगावच्या बाजारात टोपली घेऊन बस की. पणत्या काय फोनवर विकायची वस्तू हाय?

मातीवाली_खानापूर

मामा, बाजारात बसतोच की आम्ही. तिथं गिऱ्हाईक डझनाला दहा रुपये कमी करून मागतंय. पुण्याची बाई भाव करत नाही.

टिळकवाडी_सायबर

ताई, माझं सायबर सेंटर आहे, असली प्रकरणं महिन्याला दोन-तीन येतात. आधी पत्त्यांचं बोलू, कारण ते आजच होण्यासारखं आहे.

यूपीआयचं स्टेटमेंट काढा. २३ जणांचे यूपीआय आयडी त्यात आहेत. काहींच्या आयडीत मोबाईल नंबरच असतो, त्यांना सरळ फोन लावा. बाकीच्यांना एकेक रुपया पाठवा आणि नोटमध्ये तुमचा नंबर लिहा. पण नुसतं ‘पत्ता पाठवा’ लिहिलंत तर लोक फसवणूक समजतील, आजकाल दिवसच तसे आहेत. ‘पणत्या, तुमचे ६५० मिळाले, पत्ता द्या’ असं लिहा. आकडा बघितला की ओळख पटते. आणि जुनी गिऱ्हाइकं असतील तर पोस्टाच्या पावत्या चाळा, नाव आणि पिनकोड त्यावर सापडतो.

आता अकाउंट. ॲपमधलं अपील आणि तक्रार अधिकाऱ्याकडची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता साइटवर द्यावा लागतो. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया कंपनीचा हा अधिकारी भारतात राहणारा लागतो. २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो (२०२६ च्या दुरुस्तीआधी १५ दिवस होते). पोचेचा नंबर जपून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. तिथंही नकार आला किंवा ७ दिवस नुसतेच गेले, तर केंद्र सरकारची तक्रार अपील समिती आहे, २०२३ पासून. निकाल कळल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करायचं. सगळं ऑनलाइन, दिल्लीला हेलपाटा नाही.

नावाचं म्हणाल तर आधाराचा हट्ट सोडा. पॅन किंवा पासबुकावर एच असेल तर ते जोडा, आणि दोन ओळी इंग्रजीत लिहा की हे एकच आडनाव आहे, कन्नड लिपीतून आल्यामुळं स्पेलिंग बदललंय. आपल्या भागातलं हे रोजचं रडगाणं तिकडच्या माणसाला ठाऊक नसतं, सांगावं लागतं.

निपाणीकर_७७

तुमच्या फोनवर दुसऱ्या कुणाचं अकाउंट चालू होतं का? माझ्या भाच्याचं असंच गेलं. मित्राचं बंद झालेलं अकाउंट त्याच्या फोनवर होतं, त्याच्याबरोबर ह्याचंही ओढलं गेलं. सुक्याबरोबर ओलं जळतं तसं.

आणि एक. आता तुम्हाला ‘तीन हजारात अकाउंट काढून देतो, आपली आत ओळख आहे’ असे मेसेज येतील. एक पैसा देऊ नका, ओटीपी तर नकोच नको. भाच्यानं दिले आणि नंबर ब्लॉक झाला. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उशीर केला की हातात काही लागत नाही.

मातीवाली_खानापूर

निपाणीकर अण्णा, तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. माझ्या धाकट्या दिराचं अकाउंट माझ्याच फोनवर होतं. तो क्रिकेट मॅचचे तुकडे टाकायचा, पावसाळ्यात त्याचं बंद झालेलं. तेव्हा आम्ही हसलो होतो. विचारलं तर मान खाली घालून बसलाय. तक्रारीत तेही लिहिलंय, झाकून काय उपयोग. आणि तसले मेसेज आलेच, काल दोन. एकानं तर डीपीला कंपनीचा लोगो लावलेला.

मातीवाली_खानापूर (सहा दिवसांनी)

सायबरवाले दादा, तुमचा एक रुपया कामाला आला! पाच जणांचे नंबर आयडीतच होते. अठरा जणांना रुपया पाठवला, चौदा जणांचे फोन आले. चौघांनी तर रुपया परत पाठवला, वर ‘पणत्या कधी’ म्हणून विचारलं. मडगावच्या एक बाई मात्र पहिली पाच मिनिटं नुसत्या बोलत होत्या, पैसे बुडाले म्हणून त्यांनी घरात ऐकून घेतलेलं. मी मुकाट ऐकलं. शेवटी त्यांनीच दोन मडकी जादा सांगितली.

अकाउंट अजून बंदच. तक्रार अधिकाऱ्याकडनं पोच आली, पासबुक जोडलंय, आज पाचवा दिवस. एकोणीस पत्ते वहीत उतरले. वही सासूबाईंनी आणली, दोनशे पानी, आणि ती त्यांच्याच उशाशी असते.

राहिले चार. त्यातल्या फोंड्याच्या बाईंचा पत्ता मला अर्धा आठवतोय, ‘देवळाच्या मागं, पिवळं घर’. आता फोंड्यात देवळं किती! इथं कुणी फोंड्याचं आहे का?