टीओएस १८४ (पॅकेटावरची घाईची खूण) टाकलं, तरी वायफायवर आवाज तुटतोय

विंगेतला:
आमची हौशी नाटकमंडळी. विंगेत मी विंडोज लॅपटॉप घेऊन, वर प्रकाशवाल्याकडे रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स संगणक). मध्ये मी लिहिलेला इंटरकॉम: पायथनमध्ये, यूडीपीवरून (पोचपावती न मागता पाठवायची पद्धत), दर २० मिलिसेकंदांनी ओपसचं, म्हणजे दाबून लहान केलेल्या आवाजाचं, एक पॅकेट. परवा रंगीत तालमीत कुणीतरी त्याच वायफायवरून व्हिडिओ फायली कॉपीला लावल्या आणि माझं 'ब्लॅकआउट' वर 'ब्लॅ... ट' असं पोचलं. नायिका मरून पडलेली, उजेड तसाच. शेवटी बिचारी उठून आत गेली.

प्रकाशवाल्याचा आवाज मला बरा येतो, माझाच तुटतो. दोन्हीकडे कोड तोच. कोडमध्ये आयपी_टीओएस १८४, म्हणजे पॅकेटावरचा प्राधान्याचा आकडा, डीएससीपी, ४६; त्याचंच नाव ईएफ, 'आधी सोडा'. पायवरून निघणाऱ्या पॅकेटांवर वायरशार्क (पॅकेटं उघडून दाखवणारा प्रोग्राम) ईएफ दाखवतो, माझ्याकडून तिथे पोचणाऱ्यांवर शून्य. राउटर पुसतोय का? डब्ल्यूएमएम (वायफायवर प्राधान्याच्या रांगा लावणारी सोय) चालू आहे.

जुना_तारवाला:
राउटर निर्दोष आहे. विंडोज आयपी_टीओएस मानत नाही, आणि एररही देत नाही! एक तर विंडोजचा प्राधान्यासाठीचा क्यूवेव्ह एपीआय वापरा, नाहीतर ॲडमिन होऊन पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड-खिडकी) न्यू-नेटक्यूओएसपॉलिसी या कमांडने पायथनच्या ईएक्सईला डीएससीपी ४६ द्या. नेटवर्क प्रोफाइल 'ऑल' ठेवा.

अर्धा_बिट:
त्यात एक मेख आहे. वायफायच्या रांगा चार: व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट, बॅकग्राउंड. बरेच ड्रायव्हर डीएससीपीचे वरचे ३ बिटच बघतात. ४६ म्हणजे १०१११०, वरचे तीन १०१, म्हणजे ५. ती व्हिडिओची रांग! व्हॉइसला ६ किंवा ७ हवा. ईएफला ६ द्या, असं आरएफसी ८३२५ या इंटरनेट मानकात २०१८ पासून लिहिलंय, पण जुन्या ड्रायव्हरला कोण सांगणार. पायवर एसओ_प्रायॉरिटी या सॉकेट पर्यायात २६२ टाका (२५६ अधिक ६; मग डीएससीपी न बघता थेट ६ धरला जातो), तेही टीओएसच्या नंतर, नाहीतर टीओएस ते बदलून टाकतं. रूट (लिनक्सचा ॲडमिन) लागेल.

आणि हे आरक्षण नव्हे. हवेत जागा मिळवायला व्हॉइसचं पॅकेट सुरुवातीला ० ते ३ स्लॉटांमधला (स्लॉट म्हणजे वेळेचा छोटा तुकडा) कुठलाही आकडा धरून थांबतं, साधं ० ते १५ मधला. वशिला असतो तो असा.

विंगेतला:
पॉलिसी टाकली. पायवर आता ईएफ दिसतंय. मुद्दाम कॉपी लावून दहा वेळा 'ब्लॅकआउट' म्हटलं, दहाही वेळा अख्खं पोचलं. २६२ अजून टाकलं नाही, प्रयोग शनिवारी आहे, चालत्या गाड्याला आता हात लावत नाही. विंगेतली चहाच्या पैशांची भांडणंही वर स्वच्छ ऐकू जातात, ही प्रकाशवाल्याची नवी तक्रार.