पक्ष बदलला की विषमता बदलते का?

बरेच जण म्हणतात की अमुक पक्ष आला की ग्रोथ वाढते आणि तमुक आला की गरिबांचं भलं होतं. मला हे इतकं सरळ वाटत नाही. इस्टेट ड्यूटी म्हणजे वारसाहक्काच्या संपत्तीवरचा कर १९८५ ला काँग्रेस सरकारने काढला आणि वेल्थ टॅक्स म्हणजे मोठ्या संपत्तीवरचा वार्षिक कर २०१५ च्या बजेटमध्ये भाजप सरकारने काढला, म्हणजे गडगंज लोकांवरचे दोन्ही कर गेले, एकेक पक्षाने एकेक काढला.

आता महाराष्ट्राची रोजगार हमी योजना (रोहयो) बघा. ७२ च्या दुष्काळात माझी आजी कामावर खडी फोडायची, संध्याकाळी पदरात सुकडी बांधून आणायची, हाताचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत तिचे. त्यातून पुढे रोहयोचा कायदा १९७७ चा, तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला, तेव्हा मुख्यमंत्री पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे शरद पवार होते, म्हणजे मधे सरकार बदललं तरी योजना टिकली. का टिकली? कारण तिच्यासाठी १९७५ पासून प्रोफेशनल टॅक्स लावून पैसा वेगळा काढला होता. आपल्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, तोच तो. शहरातल्या पगारदाराचा पैसा थेट दुष्काळी गावातल्या मजुराकडे, वाटप म्हणतात ते हे!

म्हणून मी तरी कुठलंही सरकार आलं की आधी एवढंच बघतो, कर कुणावरचा काढला आणि पैसा नेमका कुठल्या कामासाठी बांधून ठेवला.