मदत हवी आहे: फार्महाऊस स्कीममधल्या मातीच्या बांधाला गळती, पावसाआधी काय करावं?

नमस्कार मंडळी, इथं पाटबंधारेमधनं रिटायर झालेलं किंवा मातीकामातलं कुणी असेल तर प्लीज पूर्ण वाचा. मृग तोंडावर आलाय.

कोल्हापूरहून बाजारभोगावच्या बाजूला आमची फार्महाऊस प्लॉटची स्कीम आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. डेव्हलपरनं मधल्या ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलं, बोटिंग आणि पोहायला म्हणून, आणि नंतर सगळं प्लॉटधारकांच्या सोसायटीच्या गळ्यात घालून तो मोकळा झाला. ड्रॉइंग नाही, भराव करताना रोलर फिरवला का नाही त्याचा कागद नाही, आत काळ्या मातीचा गाभा आहे का नुसताच मुरूम ओतलाय ते पण कुणाला सांगता येत नाही. बांध मधोमध 20 फूट उंच, लांबी 250 फुटांच्या आसपास, तळं भरलं की पाणी दीडेक एकरात पसरतं. सरासरी 8 फूट खोली धरली तरी जवळजवळ दीड कोटी लिटर होतं. आणि खाली अर्ध्या किलोमीटरवर ओढ्याच्या काठालाच वस्ती आहे, घरं, गोठे, सगळं.

आता दिसतंय काय ते सांगतो. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला, बागेला पाणी न्यायला भरावातनं जो 6 इंची पाईप घातलाय तो जिथं बाहेर पडतो तिथं, भर उन्हाळ्यात सगळं माळरान वाळलेलं असताना एवढ्याच जागेत गवत हिरवंगार आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततोय. तोपर्यंत पाणी स्वच्छ झिरपत होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वळीव जोरात झाला, तळ्यात पाणी चढलं, आणि तिथनं गढूळ यायला लागलं. वरनं वाहून आलेलं पावसाचं पाणी असेल म्हणून दोन दिवस ऊन पडू दिलं, मग बाटलीत भरून रात्रभर ठेवलं, तर सकाळी बुडाला बोटाच्या पेराएवढी माती बसलेली. स्वच्छ पाझर मातीच्या बांधाला थोडाफार असतोच पण गढूळ म्हणजे आतली माती पाईपच्या कडेनं वाहून चाललीय, बरोबर ना? पाईपचा व्हॉल्व्ह जाम आहे त्यामुळं तिथनं तळं रिकामं पण करता येत नाही.

दुसरं म्हणजे सांडवा, तळं भरलं की जादा पाणी बाहेर जायची वाट. उन्हाळ्यात कायाक खाली टेकतात म्हणून सोसायटीनं सांडव्यावर दोन फूट विटांची भिंत बांधून घेतलीय. वस्तीवरच्या एका मामांनी सांगितलं की गेल्या श्रावणात पाणी बांधाच्या माथ्यापासनं चार बोटंच खाली होतं, "साहेब, ती भिंत तेवढी काढा की". मातीच्या बांधावरनं पाणी गेलं की तो राहत नाही. आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाआधी काढतात हे शाळेतल्या पोराला माहिती आहे, आणि इथं उलट पाण्याची वाट आपणच अडवून ठेवलीय.

मीटिंगमध्ये बोललो तर उत्तर एकच, इतकी वर्षं उभा आहे, काही होत नाही. अरे पण भुदरगडातला मेघोलीचा तलाव 2021 च्या सप्टेंबरात रात्री फुटला तो पण वर्षानुवर्षं उभाच होता की. एक बाई गेली, जनावरं वाहून गेली. 2019 च्या जुलैत चिपळूणजवळ तिवरे धरण पण रात्रीच फुटलं. माझा जीव त्या वस्तीसाठी तुटतोय, त्यांना ना तळ्यात पोहायचंय ना मीटिंगला बोलावणं असतं.

कायद्याचं बघितलं तर 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरच्या वरच्या धरणांना लागू आहे, 10 ते 15 मीटरमध्ये असेल तर काही अटी बसाव्या लागतात. आमचं 6 मीटर, म्हणजे त्यात येतच नाही. मग बघायचं कुणी? ओढा सरकारी मालकीचा म्हणून तहसीलदारांकडं अर्ज करू, का जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडं, का जलसंधारणवाल्यांकडं? कुणाला अनुभव असेल तर अर्जात काय लिहिलं की लगेच पाहणी होते तेही सांगा, नुसती पोच नको आहे.

आणि तांत्रिक बाजूनं, एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय बाहेरनं सिमेंट मारून गळती बंद करतो. मला ते पटंना, बाहेर तोंड बंद केलं तर पाणी आत दाबून दुसरीकडनं वाट काढणार. त्यापेक्षा आधी वाळू मग खडी असा थर टाकून पाणी येऊ द्यायचं पण माती अडवायची, असं आता घाईत करता येईल का? पाणी उतरवायला पाईपनं सायफन लावायचा विचार आहे, पण एकदम उतरवलं तर आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो म्हणतात, मग दिवसाला किती उतरवावं? बांधावर दोन मोठ्या निलगिरी पण आहेत, त्या तोडाव्या का सध्या हात लावू नये?

अपडेट: खाली विचारलंय म्हणून, माथ्यावर लांबीच्या दिशेनं भेग आहे, बारीक, पण मागच्या वर्षीच्या फोटोत ती दिसत नाही. भिंत पाडायचा विषय येत्या रविवारच्या मीटिंगला घेतलाय. त्याआधी कुणी जाणकार येऊन बघणार असतील तर कोल्हापुरातनं न्यायची-आणायची सोय मी करतो आणि फी पण माझ्याकडनं, फक्त काय दिसलं ते सहीनिशी लेखी द्या म्हणजे मीटिंगमध्ये ठेवता येईल. व्यनि करा, लगेच फोन करतो.