टॅपेट सेटिंग: गेजपेक्षा पान्याकडे बघा
बाइकचे टॅपेट सेट करायला, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची गॅप जुळवायला, ३२ पात्यांचा फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घ्या, असा सल्ला कोणीतरी दिलाय. स्प्लेंडरसारख्या छोट्या इंजिनाला त्यातली दोन-तीनच पाती लागतात. ०.०५ मिमीचं पातं आहे ना, एवढं बघा. टोकाला वाकवलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण टॅपेटच्या भोकातून सरळ पातं तिरकं शिरतं आणि गॅप खोटी वाटते.

पैसे टाकायचेच तर गॅपचा स्क्रू फिरवायच्या ३ मिमीच्या चौकोनी चावीवर आणि त्याच्या चेकनटसाठी (स्क्रू जागेवर धरणारा नट) ९ मिमीच्या रिंग पान्यावर टाका. पकडीने स्क्रूचं डोकं गोल झालं की बसा बोंबलत. इंजिन मात्र पूर्ण गार हवं. चेकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतोच, म्हणून नंतर पुन्हा पातं घालून बघा: ०.०५ जरा अडखळत सरकावं, ०.०८ जाऊच नये.