डच चित्रांतला प्रत्येक आडवा ग्लास म्हणजे मृत्यूच का?

निळीशाई: सतराव्या शतकातल्या डच स्टिल लाइफबद्दल, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांबद्दल काहीही वाचा, वाइनचं भांडं आडवं दिसलं की 'आयुष्य क्षणभंगुर' हे ठरलेलंच. मला नाही पटत. विलेम क्लास हेडाचं १६३५चं चित्र बघा, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, सोनेरी पेला, आडवी पडलेली चांदीची ताझा (दांड्यावरचा उथळ पेला), कालवं आणि हिरवट रोमर, म्हणजे जाड दांड्याचा वाइनचा ग्लास. हेडा तीच तीच भांडी चित्रामागून चित्रात मांडतो, कारण काच, चांदी, कथील यांवर उजेड कसा वेगवेगळा पडतो यातच त्याचा जीव होता. ताझा आडवी ठेवली की तिचा तळही रंगवता येतो, एवढं साधं आहे.

रेवती_क: साधं कसलं? चित्रकार पीटर क्लास हेडासारखाच हार्लेमचा, त्याच काळातला. १६३०च्या चित्रात कवटी, घड्याळ, विझत आलेली वात आणि शेजारी आडवा रिकामा रोमर. तेव्हाचे लोक हे बघतच होते ना, मग पाच वर्षांनी हेडाकडे तोच आडवेपणा बघून त्यांना काहीच आठवलं नसेल?

निळीशाई: कवटी आहे तिथे मान्य. पण कवटी नाही तिथेही आपणच ती नेऊन ठेवायची का?

जुनाकंदील: कवटी लागतेच असं नाही. डच चित्रकार व्हर्मीरचं बर्लिनमधलं वाइन पिणाऱ्या बाईचं चित्र घ्या. ग्लास एकच, तोही तिच्या तोंडाला, पुरुष सुरईवर हात ठेवून नुसता उभा, जणू कधी संपतोय आणि कधी परत भरतोय. आणि समोरच्या खिडकीच्या रंगीत काचेत हातात लगाम घेतलेली बाई, म्हणजे संयम. व्हर्मीरने ती तिथे उगाच नाही ठेवली.

निळीशाई: तिथे खिडकी सांगते, ग्लास नाही. रोमरच्या दांड्यावर काचेचे गोळे असतात ते तेलकट हातातून निसटू नये म्हणून, रोजच्या वापरातली वस्तू आहे हो ती.

रेवती_क: रोजचीच आहे म्हणून तर जास्त लागते! ज्यातून काल प्यायलो तोच ग्लास भिंतीवरच्या चित्रात रिकामा लोळतोय. आणि नुसता उजेडच दाखवायचा होता तर उभी, भरलेली भांडी चालली असती की. हेडा अर्धवट सोललेलं लिंबू आणि अर्धवट टाकून उठलेलं जेवण का रंगवतो, त्याचं उत्तर द्या आधी.